मालमोटारीला थंडी वाजते तेव्हा

हिवाळ्यात पहाटे खोबरेल तेलाची बाटली उलटी केली, तर तेल बाहेर येत नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते पुन्हा पातळ होते. आता कल्पना करा, की ट्रकच्या टाकीतील डिझेलची अशीच गत झाली आहे आणि तो ट्रक लडाखमध्ये द्रासजवळ उभा आहे. तेथे हिवाळ्यातील रात्री पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. ट्रकमध्ये धान्य आणि औषधे आहेत. सकाळी इंजिन सुरू झाले नाही, तर मदत मिळेपर्यंत चालकाला त्या थंडीतच थांबावे लागेल. अशा वेळी त्याच्या उपयोगी पडते ते भौतिकशास्त्रच.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या सिलिंडरमधील हवा दाबतो, हवा तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. समजा, हवा दाबून तिचे आकारमान एक-सोळांश केले आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर तिचे केल्व्हिनमधील तापमान सुमारे तिप्पट होते. बाहेर ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ३०३ केल्व्हिन असेल, तर आत ९०९ केल्व्हिन, म्हणजे सुमारे ६३६ अंश सेल्सिअस होते. बाहेर उणे २० अंश असेल, तर आत सुमारे ४८६ अंशच होते. बाहेरचा ५० अंशांचा फरक आत १५० अंशांचा झाला!

तुम्ही म्हणाल, डिझेल तर २५० अंशांच्या आसपास पेटू शकते, मग ४८६ अंश पुरेसे नाहीत का? नाहीत, कारण आपण उष्णता बाहेर जात नाही असे मानले होते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या थंडगार भिंती ती शोषून घेतात. इंजिन सावकाश फिरले, तर भिंतींना उष्णता शोषायला अधिक वेळ मिळतो आणि दट्ट्याच्या कड्यांमधून दाबलेली हवाही निसटते. म्हणून थंडीत इंजिन वेगाने फिरणे फार महत्त्वाचे असते.

पण नेमके तेच घडत नाही. वंगणाचे तेल दाट झाल्याने इंजिन जड फिरते. बॅटरीतील रासायनिक क्रियाही मंदावते. उणे १८ अंशांना तिची स्टार्टर फिरवण्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणजे काम वाढते आणि बळ घटते. शिवाय बॅटरी उतरलेली असेल, तर तिच्यातील आम्ल पातळ झालेले असते आणि ते उणे ८ अंशांच्या सुमारास गोठू लागते. पूर्ण भारित बॅटरीतील आम्ल मात्र उणे ६० अंशांपर्यंतही गोठत नाही. म्हणून रात्री बॅटरी भरलेली हवी.

आता इंधनाकडे वळू. डिझेलमध्ये मेणासारखे पॅराफिन विरघळलेले असते. थंडीत त्याचे बारीक स्फटिक तयार होतात आणि डिझेल गढूळ दिसू लागते. टाकीतील डिझेल अजून पातळ असते, पण हे स्फटिक फिल्टरची सूक्ष्म छिद्रे बुजवतात आणि इंजिन उपाशी राहते. यावर उपाय म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल विक्रीस आणले. पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते.

रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल, तर ते गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि इंजिनाच्या ओतीव लोखंडाला तडा देऊ शकते. म्हणून त्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळतात. गंमत अशी, की शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या सुमारास गोठते, पण त्यात तितकेच पाणी मिसळले की मिश्रण उणे ३७ अंशांच्या सुमारास गोठू लागते!

मग सकाळी दोष कसा ओळखावा? डॉक्टर लक्षणे पाहतात, तसेच करायचे. स्टार्टर, ज्याला गॅरेजमध्ये 'सेल्फ' म्हणतात, नुसता खट्‌ आवाज करून थांबला, तर आधी बॅटरी आणि तिच्या तारांचे जोड तपासावेत. इंजिन फिरते पण कण्हत फिरते, तर बॅटरी अशक्त आहे किंवा वंगण दाट आहे. इंजिन चांगले फिरते, पण सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नाही, तर डिझेल पोहोचत नाही. बहुधा फिल्टर मेणाने बुजला आहे. त्यावर गरम पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे, पण न पेटताच वाफ होऊन बाहेर पडते आहे. म्हणजे आतली हवा पुरेशी तापत नाही. अशा वेळी आत येणारी हवा किंवा इंजिन तापवणारे विजेचे हीटर उपयोगी पडतात.

घाईघाईने टाकीखाली जाळ करणे मात्र जिवावर बेतू शकते. तसेच केबिनच्या काचा लावून आत शेगडी पेटवून झोपू नये. कोळशाच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला धोका कळतही नाही.

जाणता चालक सकाळची तयारी संध्याकाळीच करतो. ब्रेकच्या हवेच्या टाकीत साचलेले पाणी तो काढून टाकतो, नाहीतर ते नळ्यांत गोठते आणि ब्रेक निकामी होतात. डिझेलची टाकीही तो काठोकाठ भरून ठेवतो. ती का, याचा विचार तुम्हीच करा. सूचना एवढीच, की रिकाम्या टाकीत हवा असते आणि हवेत बाष्प असते.

करून पाहा : पातळ खोबरेल तेल वाटीत घेऊन फ्रीजमध्ये ठेवा. ते गढूळ होऊ लागताच दाट विणीच्या फडक्यातून गाळा. तेल पूर्ण थिजण्याआधीच फडके बुजू लागेल. द्रासच्या ट्रकमध्ये नेमके हेच घडत असते.