शर्यत एका रविवारची, तयारी सोळा आठवड्यांची

काष्टी म्हटले की लोकांना आमचा शनिवारचा जनावरांचा बाजार आठवतो. शुक्रवारी रात्रीपासूनच दौंड-नगर रस्त्यावर बैल, म्हशी, शेळ्या भरलेल्या टेम्पोंची रांग लागते. पण याच रस्त्यावर पहाटे पाच वाजता आणखी एक वर्दळ असते, ती भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींची. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पळावे लागते, मुलींना ८००. घड्याळ लावून ही मुले तेवढेच अंतर वर्षानुवर्षे पळत असतात.

त्यांच्या मागून आम्ही काहीजण चालायला निघायचो. मी शाळामास्तर, पन्नाशीकडे झुकलेला. रक्तातली साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलेले. एक दिवस आमच्याच शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा माझ्या शेजारी येऊन चालू लागला. भरतीचे वय संपत आले होते. तो म्हणाला, "सर, सोळाशेच्या पुढं काय असतं ओ?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. नंतर शोधत गेलो, स्वतः पळालो, एकदा चांगलाच आपटलो. आजचे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाचे उशिराने दिलेले उत्तर आहे.

सोळाशेच्या पुढे खूप काही आहे, आणि ते आपल्या मातीला नवे नाही. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यांतली मुले अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली. या मुलांना ऑलिंपिकला धाडले पाहिजे, हे त्यांच्या मनाने घेतले. पुढल्याच वर्षी, १९२० मध्ये, बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. नंतर मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असे कायमचे ठरले. त्याच्या निम्मे, म्हणजे २१.१ किलोमीटर, ती हाफ मॅरेथॉन.

आजचे उदाहरण हवे असेल तर आमच्या जिल्ह्याला लागूनच आष्टी तालुका आहे. तिथल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर लांबच्या शाळेत पायी, कधी पळत जायचा. पुढे सैन्यात गेला आणि २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत धावला. अर्थात साबळे हे शिखर. आपण बोलतो आहोत हौशी माणसाबद्दल. त्याने पहिले येणे अपेक्षित नाही, दिलेल्या वेळेत शेवटपर्यंत पोचणे अपेक्षित आहे. हा फरक कळला, की शर्यतीची भीती निम्मी कमी होते.

आता वर्षाचे पंचांग पाहू. पावसाळ्याच्या उत्तरार्धात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन असते. २०१२ पासून होणाऱ्या या शर्यतीत साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेने जायचे आणि परत खाली यायचे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली. ती सहसा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ पासूनची, ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. याशिवाय थंडीच्या दिवसांत जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यांच्या गावीसुद्धा पाच-दहा किलोमीटरच्या शर्यती होतात. तारखा मागेपुढे होतात, म्हणून दर वर्षी आयोजकांकडून खात्री करून घ्यावी. नोंदणी बरेच महिने आधी बंद होते. काही मोठ्या शर्यती आधीच्या एखाद्या शर्यतीचे वेळेचे प्रमाणपत्रही मागतात. म्हणून पहिली शर्यत जवळची आणि छोटी निवडावी.

तारीख कळली, की कॅलेंडर उलटे मोजायचे. पाच किलोमीटर न थांबता पळू शकणाऱ्या माणसाला हाफ मॅरेथॉनसाठी साधारण सोळा आठवडे लागतात. पुण्याची शर्यत डिसेंबरच्या पहिल्या रविवारी धरली, तर तयारी स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला सुरू व्हायला हवी. मुंबईसाठी सप्टेंबरअखेर, म्हणजे घटस्थापनेच्या आसपास. साताऱ्यासाठी मात्र ऐन उन्हाळ्यात घाम गाळावा लागतो. पहिल्या खेपेला साताऱ्याचा घाट नको, असे मी म्हणतो ते यामुळेही.

या सोळा आठवड्यांत आठवड्याला चार दिवस पळणे पुरे. त्यातले तीन दिवस थोडे, आणि एक दिवस लांबचे. आम्ही लांबच्या पळण्यासाठी रविवार धरला, कारण शनिवारी बाजारामुळे रस्ता मिळत नाही. लांबचा पल्ला दर आठवड्याला एखादा किलोमीटर वाढवायचा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचा. हाडे आणि स्नायूंच्या टोकांचे पांढरे दोर दमापेक्षा सावकाश पक्के होतात. दम दीड महिन्यात येतो, त्यांना त्याहून जास्त वेळ लागतो, आणि नेमक्या त्या काळात माणूस चेव येऊन जास्त पळतो. नडगी दुखते, टाच दुखते ती तेव्हाच. वेग किती असावा? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढा. बोलताना धाप लागली, की वेग जास्त झाला समजावे. शेवटचे दोन आठवडे पल्ला कमी करत आणायचा. त्या दिवसांत जास्त पळून काही मिळत नाही, उलट थकवा साठतो.

आता मी आपटलो ती हकीकत. पहिली हाफ मॅरेथॉन मी तयारी दहाच आठवड्यांची असताना पळायला गेलो. त्यातही चढाची निवडली. सकाळी ढोलताशा, हजारो माणसे, नवे कोरे बूट. पहिले पाच किलोमीटर पोरांच्या बरोबरीने पळालो. प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले पाणी प्यायलो आणि दुसरे काहीच घेतले नाही. पंधराव्या किलोमीटरला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. डोके हलके झाले. मागून आयोजकांची गाडी आली आणि वेळेत न बसणाऱ्यांबरोबर मलाही उचलून घेऊन गेली. खिडकीतून पाहिले, तर माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या एक बाई सावकाश पावले टाकत पळत होत्या. नंतर कळले, त्या वेळेत पोचल्या.

माझ्या तिन्ही चुका माझ्याच होत्या. पहिली, वेळेची मर्यादा मी पाहिलीच नव्हती. हाफ मॅरेथॉनला तीन तास दिले असतील, तर तासाला सात किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साडेआठ मिनिटे मिळतात. हे गणित घरीच करायचे असते. दुसरी चूक, नवे बूट. शर्यतीच्या दिवशी बूट, कपडे, खाणे यांतले काहीही नवे नको. तिसरी चूक नुसत्या पाण्याची. घामातून मीठ जाते. दोन-तीन तास पळताना तहानेपेक्षा जास्त नुसते पाणी पीत राहिले, तर रक्तातले मिठाचे प्रमाण घसरते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ सुरू होतो, आणि ते जिवावरही बेतू शकते. म्हणून तहान लागेल तसे प्यावे, आणि त्यात मीठ-साखर असावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जुलाबात देतात तेच घरगुती पाणी चालते. बरोबर केळे किंवा गूळ-शेंगदाणे ठेवावेत. माझ्यासारखे साखरेचे किंवा रक्तदाबाचे दुखणे असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. कोणी पळता पळता असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला उन्हाचा तडाखा बसला असू शकतो. त्याला लगेच थांबवून सावलीत आणावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि डॉक्टरांना बोलवावे.

ज्यांचे गुडघे पळण्याला तयार नाहीत, त्यांच्यासाठी सायकल आहे. सायकलीत शर्यतीपेक्षा मला ब्रेव्हे हा प्रकार आवडतो. ही पद्धत मूळ फ्रान्सची. यात नंबर काढत नाहीत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे. वाटेत ठरलेल्या ठिकाणी हजेरी नोंदवायची. मागे स्वतःची मदतीची गाडी ठेवता येत नाही. पंक्चर झाले तर स्वतः काढायचे, चहा वाटेतल्या टपरीवर घ्यायचा. एकाच हंगामात हे चारही टप्पे पार करणाऱ्याला सुपर रँडोनर म्हणतात. साडेतेरा तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण जेवणखाण आणि विश्रांतीत दोन तास गेले, तर उरलेल्या वेळात तासाला सतरा किलोमीटरहून थोडा जास्त वेग राखावा लागतो. आपल्याकडे यात पुष्कळ नाव कमावलेली माणसे आहेत. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत पुरी केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली.

तिसरा प्रकार पोहणे, सायकल आणि पळणे एकत्र असलेला, ट्रायथलॉन. गोव्यात २०१९ मध्ये अर्ध्या अंतराची आयर्नमॅन स्पर्धा सुरू झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर पळायचे, सगळे साडेआठ तासांत. आमच्याकडची पोरे म्हणतात, "पोहणं तर आपल्याला येतंच." येते, पण विहिरीतले. पाठीला डबा बांधून शिकलेले, काठावरून मुटका मारण्यापुरते. समुद्रात काठ नसतो, तळ दिसत नाही, लाट तोंडावर येते आणि शेजारच्याचा पाय लागतो. न थांबता सरळ रेषेत दीड-दोन किलोमीटर पोहणे ही वेगळी विद्या आहे. ती जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकल्याशिवाय पाण्यात उतरू नये. तोवर ड्युएथलॉन करावी. त्यात पळणे, सायकल आणि पुन्हा पळणे असते, पोहणे नसते.

हे सगळे सांगताना रस्ता विसरून चालणार नाही. आमच्या भागात दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, आणि शर्यतींचा हंगामही तोच. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात रस्त्यावर असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाला एका पहाटे अशाच ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाचा फटका बसला. तो खड्ड्यात पडला, घोटा मोडला. पाय वाचला, पण भरतीची शेवटची संधी गेली. त्याने गडद निळा शर्ट घातला होता आणि तो वाहनांकडे पाठ करून पळत होता.

तेव्हापासून आमच्या गटाचे नियम पक्के आहेत. पळणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे पळायचे. सायकलवाल्याने मात्र डाव्याच बाजूने जायचे, मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा लावून. अंगात पांढरा शर्ट, त्यावर चमकणारी पट्टी. कानात गाणी नाहीत. आणि ट्रॅक्टरमालकांना आमची विनंती आहे, ट्रॉलीच्या मागे निदान लाल चमकपट्टी तरी चिकटवा. काही जणांनी ती चिकटवली.

पैशांचेही बोलले पाहिजे. मोठ्या शर्यतीची फी, प्रवास, मुक्काम मिळून शेतमजुराच्या मुलाला परवडत नाही. २०१३ मध्ये बारामतीच्या शर्यतीत साठीच्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या, त्या नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते म्हणून. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केले. आपण टाळ्या वाजवल्या. पण बक्षिसावर उपचार अवलंबून असावेत, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. म्हणून आयोजकांना सांगणे आहे, गावाकडच्या मुलांसाठी थोड्या जागा बिनफीच्या ठेवा. आणि पळणाऱ्यांना सांगणे आहे, फी भरण्याआधी वेळेची मर्यादा, पाण्याची टेबले आणि रुग्णवाहिका यांची चौकशी करा. फी त्यासाठीच असते.

तो मुलगा घोटा बरा झाल्यावर वर्षभराने पुन्हा पळू लागला. आता रविवारी आम्ही काष्टीहून दौंडच्या बाजूला भीमेच्या पुलाकडे निघतो. तो पुढे, मी मागे. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघेही हाफ मॅरेथॉन पुरी केली. तो माझ्या पाऊण तास आधी पोचला आणि माझ्यासाठी केळे घेऊन थांबला होता. पुढची तारीख त्याने घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, आणि तिथून मागे सोळा रविवार मोजून खुणा केल्या आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)