यादीवाले आणि वाचणारे
लेखमाला : पुस्तकं आणि पहारे (भाग ७)

गेल्या भागात आपण सरकारी पुस्तकबंदी पाहिली. अधिसूचना, जप्ती, मग उच्च न्यायालय असा तिचा मार्ग निदान उघडा असतो. शाळेच्या ग्रंथालयातली बंदी यापेक्षा फार शांतपणे येते. पोलीस येत नाहीत, पुस्तक बाजारातून नाहीसं होत नाही. एके दिवशी ते कपाटातून निघतं इतकंच. ज्यांच्या घरी पुस्तकं विकत घेतली जातात त्यांचं फारसं बिघडत नाही. ज्या मुलाला पुस्तक फक्त शाळेतच मिळतं, त्याच्यापासून मात्र ते कायमचं तुटतं आणि ते तिथे कधी होतं हेही त्याला कळत नाही.

शाळांनी अशी बंदी घालावी का, यावर तावातावानं बोलणारे पुष्कळ आहेत. मला या प्रश्नाचा सगळ्यात उपयोगी धडा एका जुन्या अमेरिकन खटल्यात सापडतो. निकालापेक्षाही त्या निकालाआधी घडलेल्या गोष्टींत तो जास्त आहे.

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडवर आयलंड ट्रीज नावाचा शाळांचा जिल्हा आहे. अमेरिकेत सरकारी शाळा चालवणारं मंडळ बहुतेक ठिकाणी स्थानिक लोक निवडून देतात, आणि राज्याच्या नियमांत राहून अभ्यासक्रमापासून ग्रंथालयापर्यंतचे निर्णय ते मंडळ घेतं. आपल्या शाळा व्यवस्थापन समितीपेक्षा त्याचे अधिकार कितीतरी मोठे. सप्टेंबर १९७५ मध्ये या मंडळाचे तीन सदस्य पालकांच्या एका पुराणमतवादी संघटनेच्या परिषदेला गेले. तिथे त्यांना ‘आक्षेपार्ह’ पुस्तकांची यादी मिळाली. नोव्हेंबरात शाळेतल्या एका संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या वेळी त्यांपैकी दोघांनी ग्रंथालयाची कार्डं चाळून यादीशी ताडून पाहिली. नऊ पुस्तकं हायस्कूलच्या ग्रंथालयात निघाली, एक धाकट्या मुलांच्या शाळेत, आणि एक तर बारावीच्या अभ्यासक्रमातच होतं. एकूण अकरा.

फेब्रुवारी १९७६ मध्ये मंडळानं ही पुस्तकं काढून आणायला सांगितलं. शाळांच्या अधीक्षकांनी लेखी हरकत घेतली : पुस्तकाविषयी तक्रार आली तर काय करायचं याची पद्धत आपल्याकडे ठरलेली आहे, समिती नेमायची, तिनं वाचून मत द्यायचं, तीच पाळू या. मंडळानं ऐकलं नाही. बातमी वर्तमानपत्रांत आली तेव्हा मंडळानं पत्रक काढून ही पुस्तकं अमेरिकाविरोधी, ख्रिस्तीविरोधी, ज्यूविरोधी आणि निव्वळ घाणेरडी असल्याचं जाहीर केलं.

पुस्तकं कोणती होती? कर्ट व्हॉनेगटची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’, रिचर्ड राइटचं आत्मकथन ‘ब्लॅक बॉय’, डेस्मंड मॉरिसचं ‘द नेकेड एप’, लँग्स्टन ह्यूज यांनी संपादित केलेल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या कथा, बर्नार्ड मॅलमडची ‘द फिक्सर’. यातली ‘द फिक्सर’ १९६७ ची पुलित्झर मिळवलेली कादंबरी. झारशाहीतल्या कीव्हमध्ये एका निरपराध ज्यू माणसावर मुलाच्या खुनाचा आळ येतो आणि तो तुरुंगात सडतो, ही तिची कथा. ज्यूंना शिव्या देणारी माणसं तिच्यात आहेत, कारण ती त्या द्वेषाविरुद्धच लिहिली आहे. उतारा तेवढा वाचला तर शिवी दिसते, कादंबरी दिसत नाही. पुढे खटल्यात मंडळाच्या दोघा सदस्यांना ‘अमेरिकाविरोधी’ मजकुराचं उदाहरण विचारलं गेलं. दोघांनीही ॲलिस चिल्ड्रेस यांच्या ‘अ हीरो एन्ट नथिंग बट अ सँडविच’ या कादंबरीकडे बोट दाखवलं. तिच्यात एके ठिकाणी म्हटलं आहे की जॉर्ज वॉशिंग्टन गुलाम बाळगून होते. ते खरंच बाळगून होते. मुलांपासून इथे अश्लीलता दूर ठेवली जात नव्हती, इतिहासातलं एक सत्य दूर ठेवलं जात होतं.

आता ज्या भागासाठी मी हा खटला निवडला, तो. गवगवा झाल्यावर मंडळानं अखेर समिती नेमली, चार पालक आणि चार शाळेतली माणसं. त्यांनी पुस्तकं वाचली आणि जुलैमध्ये अहवाल दिला. पाच पुस्तकं राहू द्यावीत. ‘द नेकेड एप’ आणि पिरी थॉमस यांचं ‘डाउन दीज मीन स्ट्रीट्स’ ही दोन काढावीत. ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ पालकांच्या संमतीनं द्यावी. दोन पुस्तकांवर एकमत होऊ शकलं नाही. आणि ‘अ रीडर फॉर रायटर्स’ या एका संग्रहावर समितीनं मतच दिलं नाही, कारण सर्व सदस्यांना तो वाचायला मिळाला नव्हता.

या अहवालातल्या प्रत्येक शिफारशीशी मी सहमत नाही. ‘डाउन दीज मीन स्ट्रीट्स’ मी हायस्कूलच्या कपाटात ठेवलं असतं. पण पुस्तकांबद्दल बोलण्याची ही सभ्य रीत आहे. वाचणाऱ्यांच्या हातून अकरा पुस्तकांना पाच प्रकारची उत्तरं मिळाली, आणि न वाचलेल्याबद्दल ते गप्प राहिले. मंडळानं कारण न देता हा अहवाल बाजूला सारला. ‘लाफिंग बॉय’ ही कादंबरी मोकळी केली, ‘ब्लॅक बॉय’ पालकांच्या परवानगीनं, आणि उरलेली नऊच्या नऊ बाहेर.

स्टीव्हन पिको हा सतरा वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे चार सोबती जानेवारी १९७७ मध्ये न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २५ जून १९८२ रोजी लागला तेव्हा पिकोची शाळा कधीच मागे पडली होती. पाच विरुद्ध चार असा तो निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूनं गेला. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिलेलं तत्त्व असं : मंडळाला ग्रंथालयात काय घ्यावं याची मोठी मुभा आहे, पुस्तक शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य किंवा आरपार अश्लील असेल तर काढताही येईल, पण त्यातले विचार आवडत नाहीत एवढ्यासाठी काढता येणार नाही. मात्र या तत्त्वामागे पाच मतं नव्हती. पाचवे न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी, आधी खालच्या कोर्टात हेतूची सुनावणी होऊ द्या, घटनेचं नंतर बघू, एवढंच म्हटलं. ती सुनावणी झालीच नाही, मंडळानं पुस्तकं परत ठेवली. म्हणून चाळीस वर्षं हा निकाल आदरानं उद्धृत होत राहिला, पण त्याचा पाया कच्चाच राहिला.

तो कच्चेपणा अलीकडे उघडा पडला. ऑक्टोबर २०२१ मध्ये टेक्सासच्या एका आमदारानं सुमारे ८५० पुस्तकांची यादी शाळांना धाडून यातली कोणती तुमच्याकडे आहेत असं विचारलं. पुन्हा यादी. त्याच सुमारास तिथल्या लानो काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयांतून १७ पुस्तकं निघाली. त्यांत इझाबेल विल्करसन यांचं ‘कास्ट’ होतं, ज्यात अमेरिकेतल्या वर्णभेदाची मांडणी भारतातल्या जातिव्यवस्थेशी जोडून केली आहे आणि डॉ. आंबेडकरांचा आधार घेतला आहे. मुलांसाठी लिहिलेला कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा इतिहास होता. मॉरिस सेंडाकचं चित्रपुस्तक ‘इन द नाइट किचन’ही होतं, कारण त्यातलं लहान पोर स्वप्नात उघडं दिसतं. वाचक न्यायालयात गेले. मे २०२५ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं दहा विरुद्ध सात मतांनी त्यांचा दावा फेटाळला : ग्रंथालयात काय ठेवायचं यावर वाचकाला घटनात्मक हक्क सांगता येत नाही. त्यांतल्या काही न्यायमूर्तींनी तर ही निवड म्हणजे सरकारचं स्वतःचं बोलणं आहे असंही म्हटलं. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं हे प्रकरण ऐकायला नकार दिला. टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत आज हाच कायदा आहे. मला तो घातक वाटतो. कपाट म्हणजे सत्तेचं भाषण ठरलं, की प्रत्येक निवडणुकीनंतर कपाट बदलायला वाट मोकळी.

पालकांची काळजी खोटी असते असं मी म्हणत नाही. आयलंड ट्रीजच्या यादीतलंच ‘सोल ऑन आइस’ घ्या. एल्ड्रिज क्लीव्हरनं त्यात आपण केलेल्या बलात्कारांबद्दल लिहिलं आहे, एके काळी त्यांना बंड समजत होतो हेही, आणि मग ती समजूत टाकून दिल्याचंही. बारा वर्षांच्या मुलीच्या हातात हे पुस्तक एकटं पडू नये असं आईला वाटलं तर ती चूक नाही. किंवा ‘गो आस्क ॲलिस’. व्यसनात सापडलेल्या मुलीची खरी डायरी म्हणून ते खपवलं गेलं, आणि प्रत्यक्षात ते बिअट्रिस स्पार्क्स या प्रौढ बाईंचं लिखाण असल्याचं आता सर्वसाधारणपणे मानतात. शैक्षणिक आक्षेप घ्यायचाच तर तिथे घ्यायला जागा होती.

वयाचा विचार ग्रंथपाल रोजच करत असतो. पाचवीच्या कपाटात काय, दहावीच्या कपाटात काय, कोणतं पुस्तक हातात देताना दोन शब्द बोलायचे, हे त्याचं कामच आहे. निवड करणारा हजारो पुस्तकांतून कशात काय चांगलं आहे ते शोधतो. बंदी घालणारा एका पुस्तकात खटकणारी ओळ शोधतो. दोघांची नजरच वेगळी. आणि पालकाचा हक्क त्याच्या स्वतःच्या मुलापुरता खरा आहे. माझ्या मुलीला हे देऊ नका, असं तो ग्रंथपालाला सांगू शकतो. शेजारच्या घरातल्या मुलीचं तो ठरवू शकत नाही.

तक्रार आली तर करायचं काय, हेही अवघड नाही. अमेरिकन ग्रंथालय संघटना अनेक दशकं हेच सांगते : तक्रार लेखी घ्या, तक्रारदारानं पूर्ण पुस्तक वाचलं आहे का ते विचारा, समितीला संपूर्ण पुस्तक वाचू द्या, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवरून हलवू नका.

आपल्याकडे २०१० साली मुंबई विद्यापीठात नेमकं उलटं घडलं. रोहिंटन मिस्त्रींची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी बी.ए.च्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात होती. एका राजकीय पक्षाच्या विद्यार्थी संघटनेनं प्रती जाळल्या आणि कुलगुरूंनी आपले आणीबाणीचे अधिकार वापरून ती काढून टाकली. अभ्यास मंडळानं लावलेलं पुस्तक असं गेलं. ते शिकणारी मुलं तर मतदान करण्याच्या वयाची होती.

पण शाळांपुरतं बोलायचं तर महाराष्ट्रात असे खटले उभे राहत नाहीत, यात समाधान मानावं असं काही नाही. काढून टाकलेल्या पुस्तकाची निदान नोंद राहते, कुणी पिको उठून विचारू शकतो. कधी घेतलंच नाही, त्याबद्दल कुणी विचारत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असलेलं ग्रंथालय सांगितलं आहे. अनेक शाळांत ते मुख्याध्यापकांच्या खोलीतलं एक कपाट असतं. पुस्तक फाटलं तर भरपाई कोण करणार, या धास्तीनं त्याची किल्ली खणात राहते, आणि खरेदी अनुदानाच्या शेवटच्या आठवड्यात गठ्ठ्यानं होते. वयात येण्याबद्दल, जातीबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल मुलांसाठी मराठीत लिहिलेलं पुस्तक त्या गठ्ठ्यात असेल का, हे ठरवणारं माणूस बहुतेक वेळा कुणी नसतंच. येत्या जूनमध्ये आपल्या मुलांच्या शाळेत गेलात तर दोन गोष्टी मुद्दाम विचारा : गेल्या वर्षी किती पुस्तकं मुलांच्या नावावर गेली, आणि नवी पुस्तकं कुणी वाचून निवडली.

पुढच्या भागात : दहावी-बारावीची मुलं स्वतः निवड समितीवर बसली तर काय होतं?