टू-वे स्विचला ‘बंद’ बाजू नसते

जिन्याच्या तळाशी दिवा लावायचा आणि वर पोहोचल्यावर तिथूनच बंद करायचा, याच सोयीसाठी टू-वे स्विच आला. आता तो बेडरूममध्येही असतो: एक दाराजवळ, दुसरा उशाशी. रोज हाताळला जाणारा हा स्विच आत नेमकं काय करतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. त्याच्याबद्दलच्या काही समजुती नुसत्या चुकीच्या आहेत, तर काही जिवावर बेतणाऱ्या आहेत.

‘दोन साधे स्विच जोडले की टू-वे होतो’

होत नाही. दोन साधे, म्हणजे वन-वे स्विच एकापुढे एक जोडले, तर दोन्ही चालू असतानाच दिवा लागेल. शेजारी-शेजारी समांतर जोडले, तर एक चालू राहिला की दुसऱ्याने दिवा विझणार नाही. टू-वे स्विचची रचनाच वेगळी आहे. वन-वेला दोन टर्मिनल असतात, याला तीन: एक कॉमन आणि दोन बाजूंची. तो वीज तोडत नाही. रेल्वेचा सांधा गाडीला या नाहीतर त्या रुळावर वळवतो, तसा तो कॉमनवरची वीज दोनपैकी एका वायरीवर वळवतो.

जोडणी अशी. खालच्या स्विचच्या कॉमनला फेज द्यायचा. वरच्या स्विचच्या कॉमनवरून एक वायर दिव्याकडे न्यायची. दोन्ही स्विचची बाजूची टर्मिनल दोन वायरींनी, म्हणजे जोडवायरींनी, एकमेकांना जोडायची. न्यूट्रलची वायर कुठल्याही स्विचमध्ये न शिरता थेट होल्डरला जाते. दोन्ही स्विच एकाच वायरीवर वळलेले असले की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर असले की विझतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या विद्यार्थ्यांना हीच जोडणी ‘स्टेअरकेस वायरिंग’ या नावाने शिकवतात.

ही रचना समजली की नेहमीच्या एका तक्रारीचं कारणही कळतं. ‘वरचा स्विच चालतो, पण खालचा एका विशिष्ट बाजूला असेल तरच,’ असं लोक सांगतात. अशा वेळी नवा स्विच आणून बसवला जातो आणि तक्रार तशीच राहते. बहुतेकदा स्विच चांगलाच असतो. कॉमनची वायर चुकून बाजूच्या टर्मिनलला लागलेली असते. कॉमन बहुधा मधल्या टर्मिनलला असतो, पण प्रत्येक कंपनीच्या स्विचमध्ये तसंच असेल असं नाही. स्विचच्या पाठीवरची खूण पाहावी किंवा मीटरने खात्री करावी.

‘बटण वरच्या बाजूला आहे, म्हणजे दिवा बंद आहे’

आपल्याकडे बटण खाली म्हणजे चालू आणि वर म्हणजे बंद, ही सवय हाडात भिनलेली आहे. टू-वे स्विचच्या बाबतीत ती घातक आहे, कारण त्याला चालू बाजू नाही आणि बंद बाजूही नाही. दिवा लागणार की नाही हे दुसऱ्या टोकाच्या स्विचवर अवलंबून असतं. बल्ब गेला असेल, तर बटणाकडे पाहून काहीच कळत नाही, आणि तुम्ही होल्डरला हात घातलेला असताना घरातलं कुणीही दुसऱ्या टोकाचं बटण दाबू शकतं. म्हणून टू-वे पॉइंटवरचा बल्ब बदलताना किंवा होल्डर उघडताना त्या सर्किटचा एमसीबी पाडणं हाच मार्ग आहे. शिवाय दिवा विझलेला असतानाही बोर्डातल्या दोन जोडवायरींपैकी एक जिवंत असतेच. ‘लाइट बंद आहे’ म्हणून बोर्ड उघडू नये.

‘वायर वाचवली तरी दिवा लागतोच ना?’

या समजुतीवर थांबायला हवं, कारण सर्वांत मोठा धोका इथे आहे. घरातल्या बहुतेक बोर्डांवर सॉकेट असतं, म्हणजे तिथे फेज आणि न्यूट्रल दोन्ही आयते असतात. मग लांबलचक जोडवायरी ओढायचा कंटाळा येतो. प्रत्येक टू-वे स्विचच्या एका बाजूला फेज, दुसऱ्या बाजूला न्यूट्रल जोडायचा आणि दोन्ही कॉमन दिव्याच्या दोन टोकांना न्यायचे, अशी युक्ती केली जाते. दिवा लागतो, विझतो, दोन्हीकडून चालतो. काम फत्ते झाल्यासारखं वाटतं.

आता विझलेल्या दिव्याकडे पाहा. दोन्ही टोकांना न्यूट्रल असला तर ठीक. पण दोन्ही टोकांना फेज असला, तरीही दिवा विझलेलाच दिसतो, आणि होल्डरच्या दोन्ही पिनांवर २३० व्होल्ट असतात. दुसरी गोष्ट, स्विचच्या त्या एवढ्याशा पोटात फेज आणि न्यूट्रल समोरासमोर येतात. आतला संपर्क झिजला किंवा ठिणगी लांबली तर थेट शॉर्टसर्किट. थ्री-फेज घरात खालच्या मजल्याला एक फेज आणि वरच्याला दुसरा असेल, तर जिन्यातल्या दिव्यावर २३० ऐवजी सुमारे ४०० व्होल्ट येऊ शकतात. अमेरिकेत ही पद्धत ‘कार्टर’ नावाने ओळखली जायची आणि तिथल्या विद्युत संहितेने तिला १९२३ पासूनच मनाई केली आहे. शंभर वर्षांपूर्वी मोडीत निघालेली ही युक्ती आजही कुणी काटकसर म्हणून सुचवली, तर ठाम नकार द्यावा.

‘आरसीसीबी सारखा पडतो, म्हणजे तोच खराब’

जिन्यातला दिवा लावला की आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडतो. वायरमन येतो, ‘हा फार सेन्सिटिव्ह आहे’ म्हणतो आणि तो वगळून सरळ जोडणी करून देतो. प्रत्यक्षात आरसीसीबी आपलं काम चोख करत असतो. जिन्याच्या पॉइंटला अनेकदा फेज तळमजल्याच्या सर्किटवरून घेतलेला असतो आणि न्यूट्रल वरच्या मजल्यावरचा, कारण तो जवळ असतो. आरसीसीबी हा जाणारा आणि परतणारा प्रवाह यांची तुलना करतो. दोन मजल्यांना वेगळे आरसीसीबी असले, तर इथे एकातून प्रवाह जातो आणि दुसऱ्यातून परततो, त्यामुळे दोघांनाही गळती झाल्यासारखंच दिसतं. ९ वॅटचा एलईडी बल्बही सुमारे ४० मिलिअँपिअर किंवा त्याहून थोडा जास्त प्रवाह घेतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या आत पडायलाच हवा.

दोन मजल्यांना वेगळे आरसीसीबी नसतील तर हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो आणि एखाद्या दुरुस्तीच्या दिवशी समोर येतो. वरच्या मजल्याचा एमसीबी पाडून कुणी न्यूट्रलची वायर सोडवतो, आणि खालून दिव्यामार्गे आलेला फेज त्या ‘मेलेल्या’ वायरीवर त्याची वाट पाहत असतो. उपाय एकच: ज्या सर्किटचा फेज, त्याच सर्किटचा न्यूट्रल.

‘बंद केल्यावरही एलईडी मिणमिणतो, म्हणजे स्विच गळतोय’

बहुधा नाही. जिवंत जोडवायर आणि रिकामी जोडवायर एकाच पाइपातून लांबवर शेजारी-शेजारी धावतात. त्यामुळे रिकाम्या वायरीत अगदी क्षीण प्रवाह उतरतो. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बला त्याचा पत्ताही लागला नसता. एलईडीला तेवढाही पुरतो. टेस्टरचा दिवा लुकलुकतो तोही कित्येकदा याचमुळे. मात्र एक शंका आधी फेडून घ्यावी: फेजऐवजी न्यूट्रलच स्विचमधून फिरवलेला नाही ना? तसं असेल तर दिवा विझल्यावरही होल्डरवर फेज राहतो, आणि ते दुरुस्त करायलाच हवं.

आणखी काही समजुती थोडक्यात. टू-वेने वीज जास्त जळत नाही. तीन ठिकाणांहून दिवा चालवायला तिसरा टू-वे चालत नाही. दोन टोकांना टू-वे आणि मध्ये चार टर्मिनलांचा इंटरमीडिएट स्विच लागतो. जुन्या वन-वे पॉइंटला उशाशी दुसरा स्विच हवा असेल, तर ‘एक वायर टाकली की झालं’ हे खोटं आहे. दाराच्या बोर्डापासून तिथपर्यंत सहसा तीन वायरी न्याव्या लागतात. पाइपात तेवढी जागा आहे का, हे भिंत फोडण्याआधी पाहावं.

घराचं काम चालू असेल तर परवानाधारक वायरमनलाच हे काम द्या आणि प्लास्टर चढण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा. जिन्याच्या दिव्याचा फेज आणि न्यूट्रल एकाच सर्किटचे आहेत का? होल्डरला न्यूट्रल थेट गेला आहे का? मग त्या पॉइंटचा एमसीबी पाडून दोन्ही बोर्डांतल्या जोडवायरी मृत होतात, हे मीटर लावून दाखवायला सांगा, आणि पाइप कुठून कुठे गेले आहेत त्याचे फोटो काढून ठेवा.