नाटक: चक्क परीक्षेचा विषय

इंग्लंडमधल्या मुलींच्या माध्यमिक शाळांत 14 ते 16 या वयात ‘ड्रामा’ हा जीसीएसई या शालान्त परीक्षेचा ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो. स्नेहसंमेलनापुरती हौस नव्हे. गणित-विज्ञानासारखीच श्रेणी मिळते, 9 ते 1.

एक्यूए या परीक्षा मंडळाची रचना पाहा. पावणेदोन तासांच्या लेखी पेपरला 40 टक्के, स्वतः रचलेल्या नाट्यप्रयोगाला 40 टक्के आणि छापील नाटकातले दोन उतारे सादर करण्याला 20 टक्के. लेखी पेपरात प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रयोगावरही लिहायचे असते.

खरी कसोटी स्वरचित प्रयोगाची. दोन ते सहा जणींच्या गटाने एखादे छायाचित्र, बातमी किंवा कविता घेऊन नाट्य उभे करायचे. या भागाच्या 80 गुणांपैकी सादरीकरणाला फक्त 20; उरलेले 60 नोंदवहीला. कल्पना कुठून सुचली, तालमीत काय बदलले, का बदलले, सारे त्यात येते. हे प्रमाण मला फार मोलाचे वाटते, कारण बुजरी पण विचारी मुलगी इथे मागे पडत नाही. शिवाय प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य किंवा वेशभूषा निवडून रंगमंचावर न येताही गुण मिळवता येतात.

मुलींच्या शाळेत पुरुषपात्रेही मुलीच करतात. विली रसेलच्या ‘ब्लड ब्रदर्स’मधले जुळे भाऊ रंगवताना चाल, आवाज, बसण्याची ढब सारेच नव्याने घडवावे लागते. बालगंधर्वांची परंपरा सांगणाऱ्या आपल्याला यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत.

नाटक म्हणजे अभ्यासातून पळवाट, असे मानणाऱ्या पालकांनी एकदा ती नोंदवही चाळावी.