पैसे कंपनीचे, वकील गाडीवाल्याचा

गाळप हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या करकंबच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात, आणि हंगामात अपघातही होतात. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात गेला की विमा कंपनीचा वकील जखमीच्या विरोधात उभा राहणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. तो प्रसंगी ट्रॅक्टरमालकाच्याही विरोधात असतो, हे मात्र मालकाला पुष्कळदा निकालानंतरच कळते. अमेरिकेत याच कामाचा वकील फी विमा कंपनीकडून घेतो, पण बांधील असतो गाडीवाल्याला. तिथली ही वकिली कशी घडली हे पाहिले, तर आपल्या व्यवस्थेत नेमके काय कमी आहे ते दिसते.

या वकिलाचे शिक्षण इतर वकिलांसारखेच असते. चार वर्षांची पदवी, मग तीन वर्षे कायद्याचे शिक्षण आणि शेवटी त्या त्या राज्याची बारची परीक्षा. त्यानंतर कोणी विमा कंपन्यांची कामे घेणाऱ्या फर्ममध्ये जातो, कोणी थेट कंपनीच्या पगारावर राहून कोर्टात उभा राहतो. आपल्याकडे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही, म्हणून आपल्या विमा कंपन्या पॅनेलवरच्या वकिलांना कामे देतात. जखमीचा अमेरिकन वकील भरपाईतला हिस्सा, बहुधा एक तृतीयांश, फी म्हणून घेतो. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनी अशा फीला मनाई आहे. फर्ममधल्या बचावाच्या वकिलाला मात्र तासाप्रमाणे पैसे मिळतात आणि तासाचा हिशेब सहासहा मिनिटांच्या तुकड्यांत मांडला जातो. बहुतेक दावे तडजोडीने मिटतात. तरी ज्युरीपुढे खटला चालवण्याचा अनुभव हेच त्याचे भांडवल, कारण तडजोडीचा आकडा ज्युरी किती देईल या अंदाजावर ठरतो.

पण या वकिलाची खरी ओळख त्याच्या निष्ठेवरून ठरते, आणि तिचे मूळ विम्याच्या मर्यादेत आहे. कॅलिफोर्नियात सक्तीच्या विम्याची किमान मर्यादा अनेक दशके एका जखमीमागे 15 हजार डॉलर होती. 2025 पासून ती 30 हजार झाली. भरपाई त्याहून जास्त ठरली, तर उरलेली रक्कम गाडीवाल्याच्या घरादारावर येऊ शकते. म्हणजे मर्यादेच्या आत तडजोड व्हावी हे गाडीवाल्याच्या हिताचे, तर खटला लढवून पाहण्याचा मोह कंपनीला. या ओढाताणीवर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली कोम्युनाले खटल्यात निकाल दिला. ट्रकने एका जोडप्याला धडक दिली होती आणि विम्याची मर्यादा माणशी 10 हजार डॉलर होती. 4 हजारांत मिटवण्याचा प्रस्ताव कंपनीने नाकारला आणि पुढे पतीच्या बाजूने 25 हजारांचा निकाल लागला. वाजवी तडजोड नाकारणाऱ्या कंपनीने मर्यादेवरची रक्कमही भरावी, असे न्यायालयाने ठरवले. 1984 साली क्युमिस खटल्यात त्याच राज्यातील अपील न्यायालय आणखी पुढे गेले. विमाच लागू नाही असे म्हणण्याचा हक्क कंपनी राखून ठेवत असेल आणि त्यातून हितसंबंधांचा संघर्ष उभा राहत असेल, तर विमाधारकाने निवडलेल्या स्वतंत्र वकिलाची फी कंपनीने द्यावी. 1987 मध्ये हे तत्त्व तिथल्या कायद्यातच आले.

आपल्याकडे दुखणे वेगळ्या जागी आहे. मृत्यू किंवा दुखापतीच्या थर्ड पार्टी भरपाईला आपल्या विम्यात अशी आकड्याची मर्यादा व्यवहारात नाही. वाद होतो तो अटी मोडल्याचा : चालकाकडे योग्य लायसन्स होते का, परमिट होते का, ट्रॉलीत मजूर का बसवले. हे मुद्दे मांडतो कंपनीचा वकील, आणि ते लागतात मालकाला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्णसिंग निकालाप्रमाणे नुसते लायसन्स नव्हते एवढे दाखवून भागत नाही, मालकाचा निष्काळजीपणाही कंपनीला सिद्ध करावा लागतो. तो सिद्ध झाला, तरी कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होऊ शकतो. जखमीचे त्यात भलेच होते. पण वसुलीची नोटीस ज्याच्या दारी येते, तो मालक बहुधा कंपनीचा वकील आपलेही बघेल या भरवशावर न्यायाधिकरणात फिरकलेलाच नसतो.

यावर अमेरिकेतल्या तत्त्वाचा उपाय सुचवला, तर पहिला आक्षेप असा येतो की, पैसे देणाऱ्याचेच वकील ऐकणार, अमेरिकेतला नियम कागदावरच राहणार. कंपन्या तिथेही वकिलांची बिले तपासतात, खर्चाला कात्री लावतात आणि पुढची कामे देणे त्यांच्याच हातात असते. हा दबाव खरा आहे. पण पैसे तिसऱ्याने दिले तरी वकिलाच्या स्वतंत्र निर्णयात त्याने ढवळाढवळ करू नये, हा तिथल्या वकिली आचारसंहितेचा भाग आहे, आणि वर सांगितलेल्या कॅलिफोर्नियाच्या दोन्ही निकालांत भुर्दंड कंपनीवरच पडला. दुसरा आक्षेप खर्चाचा : ज्युरी, तासावारी फी, लांबलचक जबान्या हे सगळे शेवटी हप्त्यात चढते. तेही खरे, आणि जखमीला पैसे मिळण्याची हमी तर आपल्याच कायद्यात अधिक आहे. म्हणून अमेरिकेची सगळी व्यवस्था उचलून आणा, असे कोणी म्हणणार नाही. घेण्याजोगे तत्त्व एवढेच : ज्याने हप्ता भरला त्याच्याविरुद्ध कंपनी मुद्दा उभा करणार असेल, तर तिने त्याला आधी तसे स्पष्ट सांगावे आणि त्याच्या वकिलाचा खर्च उचलावा.

तो दिवस येईपर्यंत करकंबच्या वाहनमालकांनी आपली काळजी आपणच घ्यावी. हंगामापूर्वी चालकाचे लायसन्स आणि ट्रॉलीचा विमा तपासावा. न्यायाधिकरणाची नोटीस आली, तर कंपनीच्या कैफियतीची प्रत मागून घ्यावी, आणि तिच्यात आपल्याविरुद्ध एक ओळ जरी असली, तरी पहिल्याच तारखेला स्वतःचा वकील उभा करावा.