घरचा कॉम्प्युटर, घरच्या घरी : एसएसडीचे तुकडे पाडावेत का?

गेल्या आठवड्यात नवी एसएसडी मदरबोर्डवर बसवली. आता विंडोज ११ चा पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं की थोड्याच वेळात 'अनअलोकेटेड स्पेस' असं लिहिलेली एकच ओळ समोर येते आणि बहुतेकांचा हात तिथे थबकतो. ड्राइव्ह ५०० जीबीचा असेल तर आकडा दिसतो ४६५ च्या आसपास. दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं.

कॉम्प्युटर असेंबल करून देणारे या ठिकाणी हमखास तीन-चार पार्टिशन पाडतात. सीमध्ये विंडोज, डीमध्ये कागदपत्रं, ईमध्ये फोटो आणि गाणी. हार्ड डिस्कच्या काळात त्याला अर्थ होता. तबकडीच्या बाहेरच्या कडेला वाचनाचा वेग जास्त असे आणि पहिलं पार्टिशन तिथेच येई, त्यामुळे विंडोज तेवढ्या भागात राहिलं की हेडची धावपळ वाचे. एसएसडीत तबकडीही नाही आणि हेडही नाही. सगळ्या चिपांची झीज सारखी व्हावी म्हणून आतला कंट्रोलर नवा मजकूर मिळेल त्या मोकळ्या जागी लिहितो. तुमचे सी आणि डी चिपांवर एकमेकांत मिसळलेलेच असतात, त्यांची हद्द फक्त ड्राइव्हच्या कोष्टकात. तुकडे पाडून वेग वाढत नाही की आयुष्यही वाढत नाही.

त्रास मात्र वाढतो. सीला १०० जीबी दिले, तरी अपडेट, डाउनलोड, डेस्कटॉपवरच्या फायली सगळं सीवरच साचत जातं. काही दिवसांनी सीची पट्टी लाल आणि डी ओस. मग डीमधून थोडी जागा काढून सीला द्यावी म्हटलं, तर ती मोकळी होते डीच्या शेवटी. सीला फक्त आपल्या लगत उजवीकडची जागा घेता येते, त्यामुळे डिस्क मॅनेजमेंटमधलं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकटच राहतं. म्हणून ५०० जीबीपर्यंत एकच पार्टिशन ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

डीमध्ये ठेवलं की फोटो सुरक्षित, हा समज त्याहून घातक. विंडोज पुन्हा टाकताना डी शाबूत राहतो, हे खरं. पण एसएसडी बंद पडली की सगळे ड्राइव्ह एकदमच जातात. शिवाय फाइल डिलीट झाली की विंडोज 'ट्रिम' नावाची आज्ञा देऊन ती जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवतं. एकदा ते झालं की रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती सहसा काही लागत नाही. मुलांच्या लहानपणीचे फोटो असतील तर त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच हवी.

तेव्हा सुरुवातीची ती 'अनअलोकेटेड स्पेस'ची ओळ निवडून सरळ 'नेक्स्ट' दाबा. मशीन यूईएफआय या बूट पद्धतीवर चालू असेल तर विंडोज स्वतःच जीपीटी पद्धतीचं पार्टिशनचं कोष्टक आखतं. जुन्या एमबीआर पद्धतीला दोन टीबीपलीकडे जाता येत नाही, जीपीटीला ती अडचण नाही, आणि तिच्या कोष्टकाची दुसरी प्रत ड्राइव्हच्या शेवटी असते. सीच्या जोडीला १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन, १६ एमबीचं एक राखीव आणि एक रिकव्हरीचं तयार होतं. जागा वाचवायला म्हणून ही कधीही उडवू नका. ईएफआय गेलं तर मशीन सुरूच होणार नाही.

आणि हे सगळं करण्याआधी जुनी डिस्क काढून ठेवा. ती जोडलेली असेल तर विंडोज कधीकधी तिच्यावरचंच ईएफआय पार्टिशन वापरतं. पुढे जुनी डिस्क काढली की नव्या एसएसडीवर विंडोज असूनही ते उघडत नाही.

लिनक्सही हवं असेल तर मात्र जागा वेगळी काढावी लागते. 'नेक्स्ट'ऐवजी नवं पार्टिशन करण्याचा पर्याय घ्या. तिथे आकडा एमबीत मागतात, ३०० जीबीसाठी ३०७२०० लिहा. उरलेली जागा फॉरमॅट न करता तशीच सोडा. उबुंटू तिथे कसं बसवायचं ते पुढच्या आठवड्यात पाहू.