परिचारिकेचे व्यसन आणि परवाना

मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी औषधे परिचारिकांच्या हातून रोज जातात. त्यांपैकी एखादीला सवय जडली, तर नोकरी जाईल या धास्तीने ती लपवते. धोका मात्र रुग्णाला! हे ओळखून अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९८३ साली वेगळी योजना काढली. परवाना लगेच रद्द न करता आधी काम थांबवायचे, उपचार घ्यायचे, मग करार करून देखरेखीखाली कामावर यायचे. करार काही वर्षांचा असतो. लघवीची तपासणी केव्हाही, आगाऊ न सांगता. सुरुवातीस अशी औषधे हाताळू देत नाहीत. करार मोडल्यास प्रकरण परवाना मंडळाकडे जाते. काहींना हे लाड वाटतील. मला तसे वाटत नाही. तपासण्यांचा खर्च बहुधा तिलाच सोसावा लागतो, आणि पगार बंद असताना तो फार जड जातो.